काळ्या केसांवर लाल रंग, ब्लीचशिवाय

आधी वाईट बातमी देऊन टाकते, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील. काळेभोर केस ब्लीच न करता, नुसता सेमी-परमनंट (म्हणजे काही आठवड्यांत विरणारा) रंग लावून डब्यावरच्या मुलीसारखं लालभडक डोकं होत नाही. कुठल्याही कंपनीचा रंग आणा, कितीही तास ठेवा. मिळतं ते असं: घरात ट्यूबलाइटखाली केस जवळपास काळेच, फार तर तांबूस. आणि सकाळच्या उन्हात उभं राहिलं की डोक्यावर लाल पेटतं. मला हेच हवं असतं. ऑफिसात कुणाच्या भुवया वर जात नाहीत, आणि रविवारी वेताळ टेकडी चढताना मागून येणारी मैत्रीण हमखास म्हणते, "अगं, केस बघ तुझे!" एवढं पुरत असेल तर पुढे वाचा.

कारण साधं आहे. सेमी-परमनंट रंगात डेव्हलपर नसतो, म्हणजे पेरॉक्साइड नसतं. त्यामुळे केसाच्या आतलं मेलॅनिन, म्हणजे केसाला काळेपणा देणारं द्रव्य, जागचं हलत नाही. रंग बाहेरच्या थरावर आणि त्याच्या जरा आत जाऊन बसतो, आणि तो पारदर्शक असतो. काळ्या कागदावर लाल स्केचपेन ओढून बघा, तिरक्या उजेडात जेवढं दिसतं तेवढंच डोक्यावर दिसणार. तरी रंगीबेरंगी शेड्समध्ये आपल्या केसांना त्यातल्या त्यात लालच मानवतो, कारण काळ्या केसाच्या पोटात तांबूस छटा असतेच, आणि लाल तिच्याशी भांडत नाही. पिस्ता किंवा फिकट गुलाबी लावलात तर लावलाय हे तुम्हालाच सांगावं लागेल.

हे शेडकार्डवरून कळत नाही. हे रंग मुळात आपल्या डोक्यांसाठी निघालेलेच नाहीत. टिश आणि स्नूकी बेलोमो या बहिणींनी १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये 'मॅनिक पॅनिक' हे पुढे अशाच भडक रंगांसाठी गाजलेलं दुकान काढलं, तिथल्या पंक संगीतवेड्या मंडळींसाठी. आजही अशा रंगांची शेडकार्डं ब्लीच करून पिवळट-पांढऱ्या केलेल्या केसांवरच रंगवलेली असतात. त्यामुळे कार्डावर जे दिसतं त्याचं आपल्या केसांवर काय होईल, हा हिशेब आपणच करायचा.

सलूनवाले केसांचा गडदपणा १ ते १० असा मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडची बहुतेक डोकी १ ते ३ मध्ये बसतात. खिडकीशी उभं राहून एक पातळ बट उन्हासमोर ताणून धरा. उन्हातही ती काळीच दिसली तर अपेक्षा कमी ठेवा. चहाच्या रंगाची झाक दिसली तर छान. जन्मतः पिंगट केस असतील, किंवा मागे कधी पार्लरमध्ये ब्राऊन ग्लोबल कलर करून घेतला असेल, तर तुम्ही नशीबवान. तुमच्यावर लाल सगळ्यात खुलून दिसेल. काळा डाय लावत असाल तर मात्र त्यावर लाल चढवायच्या भानगडीत पडू नका.

पांढरे केस असले तर मजाच. ज्यांना ते लपवायचे असतात त्यांनी हा रंग लावू नये, कारण पांढऱ्या केसाला आतून अडवणारं काही नसतं आणि तोच सर्वात भडक होतो. माझ्या मावशीच्या कपाळाशी आणि कानशिलांवर पांढरी झुलपं आहेत. माझं डोकं रंगवून झाल्यावर उरलेला रंग तिने हौसेने लावून घेतला. धुतल्यावर तिच्या काळ्या केसांत कपाळाशी जे लाल फराटे उठले, त्यासाठी पार्लरवाले हजारो रुपये घेतात. माझ्या डोक्यावर मात्र तोच रंग ऊन शोधत बसला होता. मावशी आरशात बघून म्हणाली, "मला काय, मी रिटायर झालेय." तेव्हापासून दर वेळी तिचा वाटा आधी काढून ठेवावा लागतो.

आता शेड. इथे बहुतेक जणी एकच गोष्ट करतात: आपले केस काळे म्हणून गडद रंग घ्यायचा. वाइन, बर्गंडी, मरून. उलट करा. गडद शेड काळ्यात विरघळून जाते. सगळ्यात भडक, शुद्ध लाल घ्या. डबा उघडल्यावर बोटभर रंग पांढऱ्या टिश्यूवर पातळ फासून बघा, कारण डब्यात सगळे लाल सारखेच दिसतात. कडेला गुलाबी झाक आली तर उन्हात डाळिंबी दिसेल. नारिंगी आली तर तांब्याकडे झुकेल, म्हणजे मेंदी लावल्यासारखं. मेंदीच दिसायची असेल तर एवढा खर्च कशाला? मी किंचित गुलाबीकडे झुकणारा लाल घेते.

घेताना खोक्यावर नीट वाचा. आत दोन ट्यूब किंवा डेव्हलपरची बाटली असेल तर तो सेमी-परमनंट नव्हे. सेमी-परमनंट डब्यातून थेट केसांवर लागतो. 'ब्लीच नको, काळ्या केसांसाठीच बनवलेला' असं म्हणून जे भडक लाल विकतात त्यातले बरेचसे परमनंट असतात. ९ किंवा १२ टक्के पेरॉक्साइडने ते केस थोडे उजळवतात आणि त्याच वेळी रंग भरतात. कधी न रंगवलेल्या केसांवर त्यांनी खरंच ठसठशीत लाल येतो, ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण केसांना केमिकल नको म्हणून ब्लीच टाळत असाल, तर हेही तेच घराणं आहे हे माहीत असू द्या. आणि एका संध्याकाळपुरतं लाल हवं असेल, लग्नाला, कार्यक्रमाला, तर रंगीत हेअर वॅक्स लावा. ते वरच्यावर बसतं, काळ्यावरही दिसतं आणि धुतलं की जातं.

रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास बघा. आळस करू नका, विशेषतः काळ्या मेंदीने किंवा डायने कधी खाज सुटली असेल तर. त्याच दोन दिवसांत दुसरी चाचणी उरका, तिला गुंतवळ लागते. आमची आजी केसांवर भांडी देणारी बाई येईल म्हणून गुंतवळ जपून ठेवायची. मी रंगासाठी ठेवते. कंगव्यातले केस शाम्पूने धुवून, वाळवून, दोऱ्याने दोन छोटे झुपके बांधा. दोन्हींना रंग लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. एक अर्ध्या तासाने धुवा, दुसरा दोन तासांनी. वाळले की खिडकीत धरा, मग ट्यूबलाइटखाली. तुमच्या डोक्याचं उत्तर तुमच्या हातात आहे, आणि ते पटलं नाही तर डबा मावशीला द्या.

आदल्या दिवसापासून डोक्याला तेल नको. खोबरेल तेल केसात मुरतं आणि एका शाम्पूत सगळं निघत नाही. तेलकट जागी रंग धरत नाही, ठिगळं दिसतात. लावायच्या दिवशी डीप-क्लीन्सिंग शाम्पूने दोनदा धुवा, कंडिशनर अजिबात नाही. घरी बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्यातलं घ्या, कारण जड पाण्यातले क्षार केसांवर बसून राहतात. केस पूर्ण वाळू द्या. ओल्या केसांवर रंग पातळ होतो, आणि आपल्याला इथे जेवढा दाट मिळेल तेवढा हवाय. त्याच कारणाने त्यात कंडिशनर मिसळून 'पुरवू' नका. खांद्यापर्यंतच्या मध्यम केसांना १०० ते १२० मिलि लागतो. कमरेपर्यंत दाट केस असतील तर सगळं डोकं रंगवायचा विचारच सोडा, पुढे सांगते तसं करा.

सामान फार नाही. ब्रश, चिमटे, प्लास्टिकची टोपी हे सगळं तुळशीबागेत मिळतं. हातमोजे नक्की. स्टीलची वाटी चालेल, आईच्या प्लास्टिकच्या डब्याला हात लावू नका, तो कायमचा गुलाबी होतो. जुना काळा टी-शर्ट घाला. कपाळाची कड, कान, मान इथे व्हॅसलीन चोपडा, पण केसांना लागू देऊ नका.

कुठे लावायचा, ही या सगळ्यातली कळीची गोष्ट. ब्लीच केलेल्या केसांत आतल्या थराला रंग देऊन वरून काळे केस सोडायची फॅशन आहे. आपल्याला ते चालत नाही. आत ऊन पोचत नाही, म्हणजे रंग दिसतच नाही. आपला रंग जिथे उजेड पडतो तिथेच लावायचा: भांगाच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वरच्या थरात, चेहऱ्याशी सुटणाऱ्या बटांना आणि टोकांना. टोकं जुनी असतात, उन्हातान्हात खडबडीत झालेली असतात, ती रंग जास्त ओढतात. एवढंच रंगवलं तरी उन्हात सगळं डोकं लाल भासतं आणि अर्धा डबा उरतो. वेणी घालत असाल तर वेणीच्या पेडांत तो छान खेळतो.

केसांचे चार भाग करा, चिमटे लावा. एका वेळी करंगळीएवढी पातळ बट घ्या, ब्रशने वरून-खालून भरा, मग हातमोज्याच्या दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे चोळत न्या. ब्रशपेक्षा हे चोळणंच महत्त्वाचं. बट बोटांत चिकट, जड लागली पाहिजे. कोरडी सरकली तर रंग कमी आहे. टाळूला घासून लावू नका, मुळाशी नखभर जागा सोडली तरी कुणाला कळत नाही.

मग टोपी. रंग वाळला की त्याचं काम थांबतं, म्हणून टोपी घट्ट हवी. तिच्यावरून हेअर ड्रायरची मंद ऊब दहा-पंधरा मिनिटं द्या आणि तशीच राहू द्या. डब्यावर अर्धा तास लिहिलेलं असतं, मी काळ्या केसांना दीड-दोन तास देते. पेरॉक्साइड नसल्यामुळे जास्त वेळाने केस जळत नाहीत. रात्रभर ठेवणाऱ्या आहेत, पण दोन तासांनंतर मला फरक दिसत नाही, आणि उशीचं वाटोळं होतं ते वेगळंच.

धुताना आंघोळ करू नका, नाहीतर पाठ लाल होईल. मोरीत बादलीवर वाका, केस पुढे घ्या, मगाने पाणी ओता. गीझर बंद. शाम्पू नाही, शेवटी फक्त कंडिशनर. सुरुवातीचं पाणी बघून घाबरायला होतं, ते हळूहळू फिकट गुलाबीवर येतं. अगदी नितळ होईपर्यंत थांबलात तर सकाळ होईल. टाइल्सवर उडालेले थेंब लगेच पुसा. सिमेंटच्या सांध्यांत गेलेला रंग बराच काळ मुक्काम करतो. कपाळावर डाग राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. डोकं गडद पंचात गुंडाळा.

पुढच्या दोन-तीन वेळा केस धुताना रंग सुटतोच, आणि घामानेही सुटतो. त्यामुळे हंगाम बघून रंगवा. मी ढोलपथकात वाजवते, आमचा कुर्ता पांढरा, आणि मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर माणूस घामाने निथळतो. गणपतीच्या तोंडावर कुणी मुलगी लाल डोकं करून आली तर मी तिला घट्ट अंबाडा घालून वर फेटा बांधायला लावते, तरी कॉलर गुलाबी होतेच. पावसाळाही नको. दिवाळीआधी तर अजिबात नको: नरक चतुर्दशीला तेल, उटणं आणि कढत पाणी, तिन्ही एकदम, म्हणजे रंग मोरीत. भाऊबीज झाली की लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन स्वच्छ असतं, घाम कमी, आणि कोवळ्या उन्हातच तर हा रंग दिसतो. दुचाकीवर हेल्मेटखाली काळा रुमाल बांधायची सवय मात्र ठेवा.

केस आठवड्यातून दोनदाच धुवा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, गार पाण्याने. तेलाशिवाय चैन पडत नसेल तर धुण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको, तेलाने हा रंग सैल होतो. पोहायला जात असाल तर क्लोरीन तो आणखी लवकर उतरवतं. चार-सहा आठवड्यांत रंग विरतो. ब्लीच केलेल्यांना मुळाशी काळी पट्टी दिसायला लागते. आपल्याला तो त्रास नाही, केस गुपचूप पुन्हा काळे होतात.

उरलेला रंग फेकू नका. डेव्हलपर मिसळलेला नसतो, त्यामुळे झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवला तर कित्येक महिने टिकतो. वाटीत काढलेला परत डब्यात घालू नका. तो थोड्या पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवून वेगळ्या बाटलीत भरा आणि दर पंधरा दिवसांनी धुतलेल्या केसांना वीस मिनिटं लावा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. पांढऱ्या केसांचे सासरे घरात असतील तर जरा जास्तच मोठ्या.