डोळ्यातला अंधबिंदू घरी कसा मोजाल?

दृष्टिपटलावरच्या एका जागेतून सुमारे दहा लाख मज्जातंतूंची जुडी डोळ्याबाहेर पडून मेंदूकडे जाते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी तिथे नसतातच. हाच अंधबिंदू. फ्रेंच शास्त्रज्ञ एदमे मारिऑत यांनी तो १६६०च्या दशकात दाखवून दिला.

आधी तो शोधा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा. तिच्यापासून ८ सेंमी उजवीकडे, त्याच रेषेत, १ सेंमी व्यासाचा काळा ठिपका काढा. डावा डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. उजवा डोळा फुलीवर रोखून कागद ४५ सेंमीवरून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंमीवर ठिपका नाहीसा होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो. होत नसेल तर बहुतेक वेळा नजर नकळत ठिपक्याकडे सरकलेली असते, नाहीतर चुकीचा डोळा झाकलेला असतो.

खरी मजा मोजण्यात आहे. फक्त फुली काढलेला दुसरा कागद भिंतीवर, फुली डोळ्याच्या उंचीवर येईल असा चिकटवा. हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवून डोळा कागदापासून बरोबर ३० सेंमीवर ठेवा. अंतर हललं की सगळा हिशेब बिघडतो. पेनाला टोक सोडून पांढरा कागद गुंडाळा, नाहीतर पेनाच्या दांडीवरूनच टोक कुठे आहे ते कळतं. टोक फुलीपासून उजवीकडे सरकवा. दिसेनासं झालं तिथे खूण, परत दिसलं तिथे दुसरी खूण. मग दोन्ही खुणांच्या मधून वर, खाली आणि तिरकं जाऊन तसंच करा. खुणा जोडल्या की उभट लंबगोल मिळतो. त्याचा मध्य फुलीच्या रेषेच्या किंचित खाली असतो.

आता लंबगोलाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, १७ने गुणा, ३००ने भागा. (डोळ्याच्या प्रकाशीय केंद्रापासून दृष्टिपटल सुमारे १७ मिमीवर असतं.) रुंदी ३० मिमी आली तर उत्तर १.७ मिमी. डोळ्याच्या आतली जागा साधारण एवढीच असते! जाड भिंगाचा चष्मा असेल तर आकडा थोडा बदलेल.

एरवी ही पोकळी जाणवत नाही, कारण एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा पाहतो. एक डोळा मिटला तरी मेंदू आजूबाजूच्या रंगाने ती भरून काढतो. पहिल्या कागदावर ठिपक्यातून आरपार रेघ ओढून पाहा: ठिपका गेला तरी रेघ अखंड दिसते.

या प्रयोगावरून काचबिंदूचं निदान मात्र होत नाही. दृष्टिक्षेत्रात इतरत्र काही गायब होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. त्यांच्या तपासणी यंत्रातही अंधबिंदू कामाला येतो: यंत्र मुद्दाम अधूनमधून तिथे प्रकाश टाकतं आणि रुग्णाने बटण दाबलं, तर नजर हलल्याची नोंद करतं.