विकतचं लोणचं स्वयंपाकात वापरताय? मग या चुका टाळा

लोणच्याची बाटली उघडून ती थेट कढईत उपडी करणाऱ्यांना माझी पहिली विनंती आहे: आधी गॅस बंद करा. मग वाचा.

लोणचं म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची फोड, एवढंच आता राहिलेलं नाही. अचारी बटाटे, अचारी पनीर, लोणच्याचे पराठे, लोणचं घातलेला भात असं सगळं घरोघरी व्हायला लागलंय. मला ते मनापासून आवडतं. पण बहुतेकजण लोणच्याला मसाल्याचं पाकीट समजतात आणि तिथेच फसतात. बाटलीत मीठ, आंबट, तिखट, तेल आणि मसाला हे पाचही आधीच असतात आणि तेही वर्षभर टिकावं अशा प्रमाणात. म्हणून लोणचं घातलं की या पाची गोष्टी पदार्थातून तेवढ्या कमी करायच्या. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

कडकडीत तेलात लोणचं घालणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कुणी फोडणीजवळ बाटली नेली तरी माझा हात पुढे जातो.

आमच्या सोसायटीच्या संमेलनात एका तरुण जोडप्याने अचारी बटाट्यांची जबाबदारी घेतली होती. उत्साह भरपूर आणि घाई त्याहून जास्त. मोठ्या कढईत तेल धूर येईपर्यंत तापवलं आणि त्यात मिरचीच्या लोणच्याची अख्खी बाटली ओतली. क्षणात खकाणा उठला. हॉलमधली मुलं खोकत बाहेर पळाली. मसाला तळाला जाऊन काळा पडला. त्यावर उकडलेले बटाटे पडले, सवयीने मीठ पडलं आणि शेवटी ‘जरा सौम्य होईल’ म्हणून फ्रीजमधलं गार दही त्या रटरटत्या कढईत गेलं. दही फाटलं. चव घेतली तर खारट आणि त्याहून वाईट म्हणजे कडूजहर.

खारटपणा सुधारता आला असता. बिनमिठाचे बटाटे आणखी घातले की तो वाटला जातो. जळलेल्या मेथीचा कडूपणा मात्र कशानेही जात नाही. गूळ घाला, दही घाला, तो मागे उरतोच. ती कढई टाकून द्यावी लागली आणि आम्ही दुसरे बटाटे साध्या फोडणीवर परतले.

असं का होतं ते सांगते. लोणच्यातली मोहरीची डाळ, मेथी, हळद आणि तिखट बारीक दळलेली किंवा भरडलेली असतात. बरेचदा मेथी आणि हिंग लोणचं घालतानाच तळून घेतलेले असतात. ते पुन्हा कडक तेलात पडले की करपायला काही सेकंद पुरतात. शिवाय मोहरीचा नाकात जाणारा झणका उडून जाणारा असतो. जास्त तापवला की तो हवेत जातो आणि पदार्थात फक्त कडसर चव उरते. म्हणजे ज्याच्यासाठी लोणचं घातलं तेच गमावून बसतो.

माझी पद्धत अशी: फोडणी साध्या तेलाची, त्यात जिरं किंवा बडीशेप. भाजी पूर्ण शिजवायची, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग लोणचं मिसळून झाकण ठेवायचं. दही हवं असेल तर ते आधी घोटून त्यात लोणच्याचा खार कालवायचा आणि हे मिश्रण कोमट भाजीत घालायचं. वर तरंगणारं तेल फोडणीसाठी वापरायचा मोह होतो, तो समजू शकते. पण मग ते गाळून घ्या आणि मंद आचेवर ठेवा. तेवढीही सवड नसेल तर साधं तेल वापरा.

मीठ वजा न करणं

बाटलीवरच्या पोषणतक्त्यात सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मिठाचं वजन मिळतं. समजा 100 ग्रॅममागे 4,800 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे, तर 100 ग्रॅम लोणच्यात 12 ग्रॅम मीठ आहे. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम लोणचं भाजीत घातलं, तर साडेतीन ग्रॅमच्या वर मीठ आधीच गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. तेव्हा ‘चवीपुरतं मीठ’ लोणच्याआधी घालूच नका. मी लोणचं मिसळून पाच मिनिटं थांबते, चाखते आणि लागलंच तर चिमूट घालते. बहुतेक वेळा लागत नाही. पराठ्याच्या कणकेलाही हेच लागू: खार घालून भिजवताना मीठ नाही, मोहन नाही आणि पाणी नेहमीपेक्षा कमी.

डाळ शिजण्याआधी आंबट

पुण्यात एकटा राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला होता: ‘मावशी, सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येतेय, कुकर बिघडलाय का?’ कुकर ठणठणीत होता. त्याने कुठल्या तरी झटपट रेसिपीवरून डाळीबरोबरच कैरीचं लोणचं कुकरमध्ये लावलं होतं. आंबटात डाळ, कडधान्यं आणि बटाटे लवकर मऊ होत नाहीत. चिंच किंवा आमसूल आपण डाळ शिजल्यावर घालतो ते याचसाठी. लोणच्याला वेगळा न्याय नाही. आधी डाळ शिजवा, घोटा, उकळी काढा आणि खाली उतरवून चमचाभर खार घाला. दहा मिनिटं वाचवायला गेलेल्यांची अर्धी संध्याकाळ अशी जाते.

दोन लोणच्यांची चुकीची तुलना

दुकानात उभं राहून ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं लोक विचारतात, तेव्हा एका हातात मोहरीच्या तेलातलं पंजाबी अचार असतं आणि दुसऱ्या हातात लिंबाचं बिनतेलाचं. या दोघांची तुलनाच होत नाही. आधी जात ओळखा. आपल्याकडच्या कैरीच्या लोणच्यात मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद असते आणि तेल असं लागतं की त्याचा स्वतःचा वास पुढे येत नाही. बेडेकर, केप्र, प्रवीण यांच्या बाटल्या याच वळणाच्या. उत्तरेकडच्यात बडीशेप, कलौंजी आणि उग्र वासाचं मोहरीचं तेल. आंध्रच्या आवकायात मोहरीची पूड, लाल तिखट आणि बहुधा तिळाचं तेल. प्रियासारख्या हैदराबादच्या कंपनीचं घेतलं की हा फरक पहिल्या घासात कळतो. गुजरातचा छुंदा म्हणजे साखरेत मुरलेला कैरीचा कीस, त्याचं गणितच निराळं.

स्वयंपाकात वापरायचं तर हा फरक चवीच्या आवडीनिवडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. दडप्या पोह्यांत मोहरीच्या तेलाचं अचार घातलं की ओल्या नारळाचा वास संपला. तेच अचार फ्लॉवर-बटाट्यात किंवा पनीरच्या मुरवणात झकास लागतं. आवकाय गरम भात आणि तुपाबरोबर, नाहीतर साध्या वरणात. छुंदा ठेपल्याबरोबर तर आहेच, पण भरल्या मिरचीच्या सारणातही तो सुंदर लागतो. आपलं कैरीचं लोणचं मला सगळ्यात जास्त आवडतं ते मोड आलेल्या मटकीत, वरून, कच्च्या कांद्याबरोबर.

जात एकच असेल तर लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. कैरीच्या लोणच्यात कैरी पहिली आहे का, की तेल आणि मीठ तिच्या आधी उभे आहेत, हे दहा सेकंदांत कळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमावलीत तेलातल्या लोणच्यात निथळलेल्या फोडी किमान 60 टक्के असाव्यात असं म्हटलं आहे. तेलाचा थर फोडींच्या वर अर्धा सेंटिमीटर असावा, नाहीतर तेल किमान 10 टक्के असावं, असंही त्यात आहे. बाटली उभी धरून तळापर्यंत बघा: फोडी किती आणि नुसता लगदा किती.

लेबलवरच्या घटकांच्या यादीत जे आकडे असतात त्यांचीही ओळख असू द्या. 260 म्हणजे ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरचा आंबटपणा. 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड. 211 म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकवण्यासाठी. हे दिसलं म्हणून बाटली फेकायची नाही. पण 260 असलेलं लोणचं जिभेच्या टोकाला चटकन टोचतं, त्यात कैरीची हळूहळू चढणारी आंबट चव नसते आणि गरम भाजीत हा व्हिनेगरी वास आणखी वर येतो. अशी बाटली मी सँडविचसाठी किंवा घट्ट दह्यात कालवायला ठेवते. ‘घरगुती चवीचं’ या शब्दांवरून मात्र काहीही ठरवू नका. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ याचा अर्थ मीठ कमी असा होत नाही. तिथे राखणीचं काम मीठ आणि तेलच करत असतं.

आणि चव बघायची तर बोटाने चाटून नाही. खारट आणि तिखट जिभेवर आदळलं की दुसऱ्या बाटलीला न्याय मिळत नाही. कोरड्या चमच्याने बाटली तळापासून हलवा, कारण मसाला खाली बसलेला असतो, आणि बिनमिठाच्या मऊ भातात सारख्या मापाने कालवून खा. मध्ये पाण्याऐवजी ताक घ्या.

छोट्या, पण रोजच्या चुका

कोयीचे तुकडे न काढता लोणचं पराठ्यात भरणं. लाटताना पोळी फाटते आणि खाणाऱ्याचा दात दुखावतो. फोडी सोडवून सुरीने बारीक चिरा; मिक्सरमध्ये वाटलं तर मेथी कडू लागते.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत लोणचं घालून पदार्थ तसाच ठेवणं. आंबट आणि मीठ दोन्ही धातूला लागतात, चव बदलते. स्टील वापरा.

मुरवणात लोणचं, लिंबू आणि मीठ तिन्ही. लिंबू आणि मीठ काढून टाका, दही घट्ट घ्या. चिकनला दोन-तीन तास पुरेत, पनीरला अर्धा तास. पनीर रात्रभर ठेवलं तर मीठ शोषून कडक होतं.

ओला चमचा. यावर आणखी काय लिहू!

बुरशी दिसली की वरचा थर काढून खालचं वापरणं. नाही. तंतू आणि वास खाली पोचलेले असतात, पूर्ण बाटली टाका. फोडींवर कडक पांढरे कण असतील आणि ते पाण्यात विरघळत असतील, तर ते मीठ असू शकतं. लवदार, कापसासारखं असेल तर बुरशी.

तेल कमी झालं म्हणून कच्चं तेल ओतणं. तेल चांगलं तापवा, पूर्ण गार होऊ द्या, मग घाला. बिनतेलाचं आणि कमी मिठाचं लोणचं उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं, बाहेर ठेवून नशीब आजमावायचं नाही.

बाटली संपली म्हणून धुऊन टाकणं ही शेवटची आणि मला सगळ्यात लागणारी चूक. तळाशी आणि कडांना जो मसाला राहतो तो सगळ्यात मुरलेला असतो. त्यात वाटीभर ताक घाला, झाकण लावून खळखळ हलवा आणि त्या ताकात थालीपिठाची भाजणी भिजवा. मीठ घालू नका.