आय बोल्टने जॉब उचलताना या चुका टाळा

आय बोल्ट म्हणजे माथ्यावर कडी असलेला बोल्ट; तो जॉबमध्ये, म्हणजे उचलायच्या वस्तूत, आट्यांनी बसवतात. डीआयएन 580 या जर्मन मानकाप्रमाणे बनवलेला एम16 (16 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा) आय बोल्ट सरळ उभ्या ओढीत 700 किलो पेलतो. मग दोन बोल्टांवर 1400 किलो उचलता येतील, असा हिशेब वर्कशॉपमध्ये सर्रास केला जातो आणि तिथेच पहिली चूक होते. एका हुकातून दोन बोल्टांकडे जाणारी स्लिंग (उचलायचा पट्टा, दोर किंवा साखळी) तिरपी होते; उभ्या रेषेपासूनचा तिचा कोन 45 अंशांपर्यंत असेल, तर हेच मानक त्या जोडीला एकूण 1000 किलोचीच मुभा देते, आणि तीही ओढ कडीच्या सपाटीत पडत असेल तरच. एक टनाच्या जॉबवर हा कोन 60 अंशांवर गेला, की स्लिंगच्या प्रत्येक पायात (फाट्यात) पूर्ण एक टन ताण येतो. म्हणून आखूड स्लिंग ताणून अडकवण्यापेक्षा लांब स्लिंग शोधण्यात दहा मिनिटे गेलेली परवडतात.

बोल्ट घट्ट बसला, पण कडी स्लिंगला आडवी राहिली, ही अडचण नेहमीची आहे. अशा वेळी बोल्ट पाव फेरा मागे फिरवण्याचा मोह होतो. मात्र त्यामुळे कॉलर (कडीखालची सपाट चकती) जॉबपासून सुटते आणि तिरप्या ओढीचा सगळा वाक आट्यांच्या मुळाशी येतो. एम16 चा पिच, म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट जितका आत जातो ते अंतर, 2 मिलिमीटर असल्यामुळे कॉलरखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला, की घट्ट बसलेली कडी बरोबर पाव फेरा आधी थांबते. त्यानंतर फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पातळ पात कॉलरखाली कुठूनही शिरता कामा नये. ओढ आडव्या अंगाने येणे अटळच असेल, तर आय बोल्टऐवजी फिरती होइस्ट रिंग लावावी आणि ती उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) आवळावी.

जुन्या विलायती यंत्रांवर व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) आटे असतात, हे नव्या मुलांना ठाऊक नसते. अर्ध्या इंची भोकात एम12 चा बोल्ट सुरुवातीला फिरतो, मात्र थोडा खुळखुळतो. तो खुळखुळाट जाणवला, की काम तिथेच थांबवून आटे गेजने तपासावेत. ॲल्युमिनियमच्या जॉबमध्ये आटे व्यासाच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत धरलेले असावेत.

मोटरच्या डोक्यावरची कडी फक्त मोटरच्या वजनासाठी असते. गिअरबॉक्स किंवा पंप जोडलेला असताना संपूर्ण संच तिच्यावर उचलू नये. दोन आय बोल्टांवर जॉब उचलताना एकच स्लिंग दोन्ही कड्यांतून ओवू नये, कारण तिने दोन्ही बोल्ट एकमेकांकडे खेचले जातात.

वाकलेला बोल्ट हातोड्याने सरळ करून डब्यात परत टाकू नये. त्याची कडी कापूनच तो भंगारात द्यावा, नाही तर रात्रपाळीत कोणीतरी तोच उचलून लावतो.