नोट्स ॲपमधल्या एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

एजंटला, म्हणजे ॲपमध्ये तुमच्या वतीने कामं करणाऱ्या एआयला, सांगितलं, ‘मीटिंगच्या नोटमध्ये हा मुद्दा टाक’, आणि त्याने जुनी नोट पुसून तिथे तो एकच मुद्दा ठेवला. अशा वेळी शिव्या एजंटमागच्या भाषा मॉडेलला बसतात. पण आधी टूलचं, म्हणजे काम करून घ्यायला मॉडेल बोलावतं त्या फंक्शनचं, वर्णन उघडून बघा. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यापुढे असतं फक्त टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कुठल्या साच्यात द्यायची याचा आराखडा. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल बोलावण्याची सोय) आणलं, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत) खुला केला. यातलं काहीही वापरा, ही मर्यादा तीच राहते.

नावच पुन्हा वाक्यात लिहिणं

वरच्या गोंधळामागे बहुधा असं वर्णन असतं: ‘अपडेट_नोट: नोट अपडेट करते.’ अपडेट म्हणजे शेवटी जोडायचं की सगळा मजकूर बदलायचा? कोड लिहिणाऱ्याला ते इतकं पाठ असतं की लिहायचं सुचतच नाही. तेच वर्णन असं लिहून बघा:

‘दिलेल्या नोटचा पूर्ण मजकूर काढून त्या जागी नवा मजकूर ठेवते. जुना मजकूर परत मिळत नाही. शेवटी भर घालायची असेल तर अपेंड_नोट वापरा. मधलाच भाग बदलायचा असेल तर आधी रीड_नोटने पूर्ण नोट वाचा आणि बदलासह सगळा मजकूर पाठवा.’

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं. टूल काय करतं हे बहुतेक जण लिहितात. ते कधी वापरू नये आणि तेव्हा कुणाकडे जायचं, हे राहून जातं. अर्थात वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘हे टूल विध्वंसक आहे’ अशी खूण करता येते, पण तीही सूचनाच. खरी खबरदारी, म्हणजे वापरकर्त्याची परवानगी आणि जुन्या आवृत्त्या जपणं, कोडमध्येच हवी.

परत काय येतं ते न सांगणं

सर्च_नोट्स समजा प्रत्येक नोटचे पहिले दोनशे वर्ण देतं आणि वर्णनात त्याचा उल्लेखच नाही. एजंट तेवढ्यालाच अख्खी नोट समजतो आणि ऐटीत सारांश लिहून देतो. सारांश वाचायला झकास असतो, म्हणूनच ही चूक उशिरा सापडते. एकच ओळ पुरते: ‘फक्त उतारा मिळतो, पूर्ण मजकुरासाठी रीड_नोट वापरा.’

शोध शीर्षकात होतो की मजकुरातही, एका वेळी किती निकाल येतात, संग्रहित आणि कचरापेटीतल्या नोट्स वगळल्या जातात का, हेही सांगा. नाहीतर संग्रहात पडलेल्या नोटबद्दल एजंट छातीठोकपणे सांगतो, ‘अशी नोटच नाही.’ शोध अक्षरशः जुळणीवर चालत असेल तर मराठीत आणखी एक अडचण येते: ‘सभेच्या’ शोधलं तर ‘सभा’ सापडत नाही. तेव्हा ‘मूळ शब्द द्या, गरज पडल्यास दुसऱ्या रूपानेही शोधा’ असं लिहून टाका.

पॅरामीटर मोकळे सोडणं

नुसतं ‘आयडी’ लिहिलं तर एजंट नोटचं शीर्षक पाठवतो, नाहीतर वहीचा आयडी, नाहीतर चक्क स्वतः रचलेला. ‘सर्च_नोट्सच्या उत्तरातला नोट_आयडी, शीर्षक चालत नाही’ असं लिहा. तारखेचा साचा ठरवून द्या: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? वर्ष-महिना-दिवस हा क्रम बरा. क्रमवारीचे मोजकेच पर्याय असतील तर ते स्कीमातच बांधून टाका, वर्णनात लांबण लावू नका.

प्रत्येक फजितीनंतर एक ओळ चिकटवणं

‘महत्त्वाचं!’, ‘नेहमी हेच टूल वापरा’, ‘कृपया विसरू नका’. अशा ओळी साचत जातात आणि चार टूल्सवर ‘नेहमी हेच’ लिहिलेलं असलं की त्याला अर्थ उरत नाही. शिवाय वर्णनं साधारणपणे दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली, जागा खातात. डेटाबेसचं नाव, जुन्या आवृत्तीचा इतिहास, हे तिथे कशाला?

बिघाड शोधताना

आधी लॉग, म्हणजे एजंटने केलेल्या कॉल्सची नोंद, बघा, मगच वर्णनाला हात लावा. टूलच चुकीचं निवडलं असेल तर दोन टूल्सच्या वर्णनांतली सीमा पुसट आहे. टूल बरोबर पण त्याला पाठवलेली माहिती चुकीची, तर पॅरामीटरचं वर्णन बघा. कॉल अगदी बरोबर आणि उत्तर तरीही भलतंच, तर परत येणाऱ्या मजकुरात घोळ आहे. यात एरर मेसेजही आले: नुसता ‘४०४’ (‘सापडलं नाही’चा कोड) मिळाला तर एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा करत बसू शकतो, ‘या आयडीची नोट नाही, सर्च_नोट्सने आयडी पुन्हा घ्या’ म्हटलं तर त्याला पुढची वाट मिळते.

चाचणीची वाक्यं लोक बोलतात तशी घ्या: ‘ते परवाचं कुठे लिहून ठेवलंय बघ.’ एका वेळी एकच बदल करा आणि तीच वाक्यं अनेकदा चालवा, कारण एकदा जमलं म्हणजे दर वेळी जमेल असं नाही.

एवढं करूनही लिस्ट_नोट्स आणि सर्च_नोट्स यांची अदलाबदल होतच असेल, तर शब्द घासत बसू नका; दोन्ही एक करा आणि शोधशब्द ऐच्छिक ठेवा. अपडेट आणि अपेंड मात्र एकत्र करू नका. ती वेगळी असली तरच परवानगीची अट फक्त मजकूर पुसणाऱ्या टूलवर लावता येते.