छळ सोसून आलेल्यांना मदत करताय? या चुका टाळा

इंदूरच्या सिंधी वस्त्यांमध्ये पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली कुटुंबं आहेत. त्यांतली काही माणसं मारहाण, कोंडून ठेवणं, धमक्या सोसून आलेली. आपली मराठी मंडळी मनापासून मदतीला जातात आणि पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे घरचाच दुभाषी. एका बाईंचं डोकं सतत दुखायचं. नव्या स्वयंसेविकेने दिराला शेजारी बसवलं, त्याची हिंदी चांगली म्हणून. बाई बराच वेळ बोलायच्या आणि दीर एवढंच सांगायचा, "झोप येत नाही म्हणते." महिनोन्‌महिने नुसत्या गोळ्या चालल्या. शेवटी त्यांच्या नात्यागोत्यातली नसलेली, दुसऱ्या वस्तीतली एक सिंधी नर्स आम्ही बोलावली आणि दिराला बाहेर बसवलं. तेव्हा कळलं, नवऱ्याला शोधत आलेल्यांनी यांनाच कोंडून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं सासरी ठरलं होतं. दीर वाईट नव्हता, घराची अब्रू जपत होता. "दुसरं माणूस आणायला वेळ कुठे आहे?" हे मला ऐकवू नका. भेट पुढच्या आठवड्यावर ढकला. दुभाष्याला आधी वेगळं बसवून बजावा: ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं, बाहेर एक शब्द नाही. लहान मुलांना तर या कामाला कधीच बसवू नका.

दुसरी चूक उतावळेपणाची: पहिल्याच भेटीत "काय काय झालं ते सगळं सांगा." अहो, चौकशीच्या खोलीतही असंच दरडावून विचारलेलं असतं! एका बैठकीत सगळं ओकून टाकलं की मन हलकं होतं, हा समज चुकीचा आहे. काहींचा त्रास त्याने वाढतो. मी आधी झोप, रेशन, मुलांची शाळा, व्हिसाची मुदत यांवर बोलते. कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू देते. बाकीचं त्यांच्या मनात येईल तेव्हा.

दवाखान्यात ईसीजीच्या वायरी न सांगता लावू नका; विजेचे झटके सोसलेला माणूस तिथेच कोसळू शकतो.

तळव्यांवर मार खाल्लेल्याचे पाय वर्षानुवर्षं दुखतात. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्याला खोटारडा ठरवू नका. अंगावर खूण नाही म्हणजे छळ झालाच नाही असं होत नाही, हे १९९९ च्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे छळाची तपासणी आणि नोंद कशी करायची याच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेतही, स्पष्ट आहे.

देणगीसाठी फोटो? अजिबात नको. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याची किंमत मोजावी लागते.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकली तर माणसाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन लावा.

आणि "नागरिकत्व मिळून जाईल" असं परस्पर सांगू नका. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे. आधी येण्याची तारीख पाहा, मग कागद घेऊन त्यांच्यासोबत वकिलाकडे जा.