आधी मोजा, मग काढा: संग्रहालयातल्या समुद्रजीवांवरून चित्र कसं करावं

बेळगावला समुद्र नाही, पण शंख बहुतेक घरांत आहे. म्हणून चित्र शिकायला येणाऱ्यांना मी आधी संग्रहालयात नेत नाही. देवघरातला शंख आजीला विचारून एका दिवसापुरता घेऊन या, एवढंच सांगतो.

वेटोळ्यांचं टोक वर आणि उघडं तोंड आपल्याकडे करून शंख धरा. ते तोंड उजव्या बाजूला दिसेल. चित्रातही ते उजवीकडेच आलं पाहिजे. खानापूरच्या एका मुलीनं खिडकीच्या काचेवर फोटो उलटा लागला असताना शंख गिरवला होता. चित्र सुंदर झालं होतं. तिच्या आजीनं ते पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, हा दक्षिणावर्ती कुठं मिळाला?’ डावीकडे तोंड असलेला शंख फार दुर्मीळ, आणि आजीला तो फरक लगेच कळला. समुद्रजीवांच्या चित्रात बाजू आणि आकडा चुकला की प्राणीच बदलतो. म्हणून पेन्सिल टेकवायच्या आधी मोजायचं.

संग्रहालयात बसल्यावर

जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा विभाग असेल, तर तिथल्या, द्रवात जतन केलेल्या प्राण्यांच्या बरण्या परवानगी काढून पाहता येतात. मोठा प्रवास करायचा असेल तर रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवांचं संग्रहालय आणि मत्स्यालय आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा निसर्गविज्ञान विभाग आहे. सोबत एचबी आणि टूबी पेन्सिल, खोडरबर, पुठ्ठ्याला क्लिप लावलेले कागद आणि पट्टी घ्या. पाण्याचे रंग घरीच राहू द्या. फ्लॅश वापरू नका.

गोल बरणी फसवते. द्रवानं भरलेली गोल काच भिंगासारखी काम करते आणि आतला मासा आडवा ताणून दाखवते. उंची मात्र तेवढीच राहते, त्यामुळे मासा जाडजूड दिसतो. चपट्या बाजूंची बरणी असेल तर तीच निवडा. गोलच असेल तर बरोबर समोर बसा, आणि रुंदीचा अंदाज त्याच प्राण्याच्या कोरड्या नमुन्यावरून किंवा सांगाड्यावरून पडताळा.

मग मोजणी. खेकड्याचे नांग्यांसह दहा पाय. ऑक्टोपसचे आठ हात. माकुळाचे (स्क्विडचे) आठ हात आणि शिवाय दोन लांब सोंडा. चंद्रासारख्या पारदर्शक जेलीफिशच्या छत्रीत घोड्याच्या नालासारखी चार वळणं. आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि मगच बाह्यरेषा काढा.

पाचाचं कोडं

इथं थोडं थांबा, कारण आपला हात रांगोळीला सरावलेला. चार, सहा, आठ पाकळ्या सहज पडतात. तारामासा आणि सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्रजीव) मात्र पाचाचे. अर्चिनचं कोरडं कवच दिसायला एखाद्या कोरलेल्या डबीसारखं असतं, पण त्याचा हिशेब काटेकोर आहे. कंपासने वर्तुळ काढा. कोनमापकाने दर ७२ अंशांवर एक रेघ केंद्रातून बाहेर न्या. या रेघा पाच अरुंद पट्ट्यांच्या मधोमध येतात, आणि त्यांच्यामध्ये पाच रुंद पट्टे बसतात. प्रत्येक पट्ट्यात तुकड्यांच्या दोन ओळी, म्हणजे एकूण वीस. अरुंद पट्ट्यांच्या कडांना बारीक छिद्रं येतात. घाईत सहा पट्टे पडले तर खोडायचं आणि पुन्हा मोजायचं.

हे सौंदर्य जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी ओळखलं होतं. त्यांच्या १८९९ ते १९०४ या काळात निघालेल्या शंभर चित्रपट्टांमध्ये सागरी जीव भरपूर आहेत. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयातलं काचेचं झुंबर त्यांच्याच जेलीफिशवरून घडवलेलं आहे.

रंग बरणीत शोधू नका

स्पिरिट आणि फॉर्मलिन या नमुने टिकवणाऱ्या द्रवांमध्ये रंग उडतो. मऊ अंगाचे प्राणी तर आकारही सोडतात. म्हणूनच ड्रेस्डेनचे लिओपोल्ड ब्लाश्का १८६३ पासून, आणि पुढे त्यांचा मुलगा रुडोल्फही, संग्रहालयांसाठी जेलीफिश आणि समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे समुद्रप्राणी) काचेची घडवत. आकार संग्रहालयातून घ्या, रंग बाजारातून घ्या.

घाट चढून आलेला ताजा बांगडा सकाळीच आणा. पाठीवर निळसर हिरवा, त्यावर गडद खुणा, खाली चंदेरी, त्यात सोनेरी झाक. छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका. शेपटीकडे वर पाच आणि खाली पाच छोटे पर, तेही मोजा. बर्फातून काढल्यावर चमक लवकर मावळते, म्हणून आधी रंगांचे ठिपके वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. मासा त्यानंतर चुलीकडे गेला तरी चालेल.

चंदेरीसाठी चंदेरी रंग वापरू नका. कागदाचा पांढरा भाग राखून ठेवा आणि भोवती पातळ करडा-निळा फिरवा. चमक त्यातून येते.

नमुना म्हणून प्रवाळ, समुद्रपंखा (पंख्यासारखा पसरलेला प्रवाळाचा प्रकार) किंवा वाळवलेला समुद्रघोडा विकत घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे सगळे जीव संरक्षित आहेत, शिवाय संग्रहालयात ते पाहायला मिळतातच.

चित्र वाळलं की मागच्या बाजूला प्राण्याचं नाव, नमुना कुठं पाहिला, तारीख आणि त्याची खरी लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. आणि शंख देवघरात परत ठेवा.