जुनी गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

कार्बोरेटरवाली मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी सकाळी रुसली की पहिला आळ बॅटरीवर येतो. काही हजार मोजून नवी बॅटरी बसते, गाडी दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणाऱ्या) होता. नव्या बॅटरीने तो दोन दिवस झाकला, एवढंच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्या. चावी फिरवल्यावर इंजिन फिरतं की नाही? फिरत नसेल तर दोष बॅटरी, वायरी, चावीचा स्विच किंवा सेल्फमध्ये (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरमध्ये) आहे. तिथे प्लग काढून काही हाती लागत नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं पण पेट घेत नसेल तर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष सुटले. मग शोध फक्त करंट आणि पेट्रोलचा.

इंजिन फिरतच नाही

हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट जवळजवळ विझले आणि टक-टक-टक असा भरभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट तसेच प्रखर राहिले आणि एकच ‘टक’ झाला तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) झिजले असण्याची शक्यता जास्त. काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीला टेस्ट लॅम्प लावा आणि चावी फिरवा. लॅम्प पेटला नाही तर चावीचा स्विच किंवा मधली वायर गेली. सेल्फ नुसताच ‘घुर्र’ करून मोकळा फिरत असेल तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारं दातेरी चाक, अडकलं आहे.

बॅटरी तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे गाडी बंद केल्या केल्या मीटर लावणं. तेव्हा आकडा फुगलेला दिसतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग, मग बाकीचं. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. सुरू गाडीत थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ मिळत नसतील तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा रेग्युलेटर बघा, नाहीतर नवी बॅटरीही उतरणार.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल तर पुढची परीक्षा बहुतेक गॅरेजमध्ये कोणी करत नाही, आणि दोष मात्र तिथेच सापडतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट असं मोजा, ०.५ च्या वर गेलं तर केबल किंवा सोलेनॉइड दोषी. मोजण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि गाडी सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागातून) काढून इंजिनच्या धातूला पक्की टेकवा. ती हवेत लोंबती ठेवली तर कॉइल जाऊ शकते.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी काढायला ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. पाणी सेलच्या भोकात जाऊ देऊ नका. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पेट्रोलियम जेली क्लॅम्प घट्ट केल्यानंतर वरून लावायची. क्लॅम्पच्या आत ग्रीस थापणं आणि मग करंट नाही म्हणून कुरकुरणं, हा प्रकार फार दिसतो.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि चार्जिंग बघायला सुरू गाडीची बॅटरी वायर काढण्याची जुनी युक्ती डायनामोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटरच्या गाडीत तिने डायोड उडतात.

फिरतं, पण पेट घेत नाही

इथे सगळ्यात महागात पडते ती एकाच वेळी सगळं बदलण्याची हौस. प्लग, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले करंट तोडणारे संपर्क), त्यांना जोडलेला कंडेन्सर, फिल्टर एका दुपारी बदलले आणि गाडी सुरू झाली तरी दोष कशात होता ते कळत नाही. सुरू नाही झाली तर नव्या भागांतला एखादा बिघडलेला आहे का, ही नवी शंका. कंडेन्सर नवा म्हणून चांगलाच असेल, असं अजिबात धरू नका.

काही वेळ सेल्फ मारून लगेच एक प्लग काढा. तो खरं तर सगळं सांगतो. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय. मग एकतर ठिणगी नाही किंवा गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त झालं आहे. ठिणगी बघायला हाताशी असलेला जादा प्लग वायरीला लावून त्याचं अंग इंजिनला टेकवा, वायर इन्सुलेटेड पकडीने धरा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून लांब राहा, कारण तिथून पेट्रोलची वाफ उडते. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल याच क्रमाने जा. पद्मिनीच्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.४ ते ०.५ मिमीमध्ये लावा. फेसवर खड्डे पडले असतील तर कानस मारण्यापेक्षा पॉइंट बदललेले बरे.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा साचतो. कोरड्या फडक्याने आतून पुसा आणि उजेडात धरून केसासारखी काळी रेघ दिसते का बघा. ती कार्बनची वाट असते, तिथून करंट गळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला की वायरींवर नाचणाऱ्या ठिणग्या आपोआप दिसतात. डिस्ट्रिब्युटर हलवायची वेळ आलीच तर आधी त्याच्या बुडाशी खूण करा.

सेल्फ मारताना गाडी पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते? बॅलस्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा) किंवा चावीचा स्विच तपासा. कार्बोरेटरला हात लावू नका.

मारुती ८०० मध्ये सेल्फ एकदम हलका, एकसारखा फिरू लागला असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला फिरणारा रोटर बघा. इंजिन फिरताना रोटर स्थिर असेल तर टायमिंग बेल्ट तुटला आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. पुढे सेल्फ मारू नका.

पेट्रोलच्या वाटेवर

कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर आधीसारखी अर्थ करून पाच सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. येत नसेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. उघडताना ‘फुस्स’ झालं तर टाकीची हवेची वाट बंद आहे. मग फिल्टर, मग टाकीकडून येणारा रबरी पाइप. त्याला केसाएवढी चीर असली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, पण पंप आत हवा ओढतो. एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर गाडी सुरू करू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

आता पेट्रोल पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्राम त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मग तडकतात. शिवाय इथेनॉल ओल ओढतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकतं. पाइप बदलताना इथेनॉलला टिकणारेच मागा.

कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ करायला तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लिनर स्प्रे आणि हवेचा दाब पुरेसा आहे. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारणं तर निव्वळ आगीला आमंत्रण: बॅकफायर झाला की भडका थेट ओतणाऱ्याच्या हातावर.

थंड गाडीला चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडा, मग सेल्फ. गरम गाडीला चोक नको. ओव्हर झालेल्या गाडीत ॲक्सिलरेटर मारत बसलात तर प्रत्येक दाबाबरोबर आणखी पेट्रोल आत जातं. चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा.

मे महिन्यात घाटात थांबलेली गाडी अर्ध्या तासाने आपणहून सुरू होत असेल तर वाफ धरल्याचा, म्हणजे उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन वाट अडल्याचा संशय घ्या. पंपावर ओलं फडकं ठेवून ती लगेच उठली तर संशय खरा. फडक्याने फरक पडला नाही आणि ठिणगी गायब असेल तर गरम झालेली कॉइल दगा देते आहे. ती थंड असताना मोजून काही कळणार नाही, गरम असतानाच तपासा.